चित्रामागचं वाक्य

रविवार, ६ एप्रिल

धाकट्या भावाने नवीन खूळ काढलंय. सकाळी घरच्या ग्रुपवर एक चित्र टाकलं – लांबलचक टेबल, त्यावर सोन्याचं ताट, ताटाशेजारी एक काळा ढग आणि ढगावर काचेचं झाकण. खाली लिहिलंय – 'ओळखा पाहू, आईचं कुठलं वाक्य?'

आई बोलायची ती वाक्यं तो एआयला देतो म्हणे, आणि ते त्यावरून चित्र काढून देतं. आपण चित्र बघून मागचं वाक्य ओळखायचं. उत्तर संध्याकाळी. दर रविवारी एक.

मी दूध तापवत होते. चित्र बघितलं आणि हसूच आलं. 'ताट वाढलंय, रुसवा झाकून ठेव.' दुसरं काय असणार! आम्ही दोघं भांडून दोन कोपऱ्यांत बसलो की आईचं हे ठरलेलं. मी लगेच लिहिलं. माझ्या मागोमाग मावशीचं तेच उत्तर आलं. बोक्याने – मावशीचा मुलगा, चाळिशी उलटली तरी नाव तेच – लिहिलं, 'ढग गार होईल, लवकर जेवा.'

दूध गेलं उतू. पण आई गेल्यापासून या ग्रुपवर पहिल्यांदा कुणी हसलं. जूनमध्ये वर्ष होईल तिला. इतके दिवस तिथे नुसते वाढदिवस आणि तब्येतीच्या चौकशा.

धाकट्याने लिहिलं, 'ताई पहिली!' बरं वाटलं. इथे कशाला खोटं लिहू.

मंगळवार, ८ एप्रिल

दुकानात मास्टरना ते चित्र दाखवलं. मी लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं आणते, ते पडदे शिवतात – इतकी वर्षं आमचं असंच चाललंय. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, बराच वेळ बघितलं. म्हणाले, "टेबलावरच्या कापडाला शिवणच नाही. शिवणीशिवाय कापड कसं राहील, ताई?"

ढगाबद्दल त्यांना काहीच वाटलं नाही.

रविवार, १३ एप्रिल

आजचं चित्र – उंच शिखर, बर्फ, आणि टोकावर एक म्हातारी दुर्बीण लावून उभी. केस वाऱ्यावर. दुर्बिणीवर सहा बोटं. चेहरा मेणाचा, आईशी काडीचं साम्य नाही. आई जिन्याची चौथी पायरी चढली तरी थांबून भिंतीला शिव्या द्यायची.

मी लिहिलं – 'माझा चष्मा कुठे ठेवलास?' सगळे हसले. बोका म्हणाला, हेच उत्तर असणार.

संध्याकाळी धाकट्याने उत्तर टाकलं. 'तू लांब गेलास म्हणून मला लांबचं दिसायला लागलं.'

तो परदेशात गेला तेव्हा आई त्याला फोनवर म्हणाली होती म्हणे.

मावशीने रडके चेहरे टाकले. मी फोन पालथा ठेवला.

असं बोलायची आई? माझ्या आईला बोलायला असली वाक्यं होती? मी जिच्याबरोबर राहिले ती बाई म्हणायची – चहा गार आहे. उशी वर कर. इतकी नको. दार लावलंस का? धाकट्याचा फोन आला का? ती पडली, खुब्याचं हाड मोडलं, तिथून शेवटापर्यंत मीच होते तिच्यापाशी. सकाळी आंघोळ घालून दुकानात, दुपारी पळत येऊन जेवण, परत दुकान. आमच्यात बोलणं म्हणजे कामाचं. मला वाटायचं, म्हातारपणात माणसाचे शब्द संपतात.

संपले नव्हते तर. जपून ठेवत होती.

रविवार, २० एप्रिल

नदीतून वाहत चाललेली सुटकेस, काठावर पाठमोरी बाई. आणि सूर्योदय. सूर्योदय असतोच. मला ओळखता आलं नाही. उत्तर वाचलंही नाही.

रविवार, २७ एप्रिल

उत्तर वाचलं तशी वही काढली.

चित्र असं – एक लांब खोली, गुळगुळीत फरशी, अगदी टोकाला उजेडाने भरलेली खिडकी. वॉकर धरून एक बाई तिकडे चाललीये. उलट्या बाजूला दार. दार अंधारात.

मला विचार करावाच लागला नाही. चित्र उघडलं आणि वाक्य तोंडात तयार होतं. 'आज फक्त खिडकीपर्यंत. दाराचं उद्या बघू.'

हे माझं वाक्य आहे.

ऑपरेशननंतर आईला चालवायचं होतं. ती पलंगाच्या कडेला बसायची आणि म्हणायची, मला नाही जमायचं, तू जा दुकानात. मी म्हणायचे, आज फक्त खिडकीपर्यंत. दाराचं उद्या बघू. रोज सकाळी. फार प्रेमाने म्हणायचे असंही नाही – घाईने. मला मापं घ्यायला जायचं असायचं, खाली रिक्षा थांबलेली असायची. पण म्हणायचे मीच. खिडकी म्हणजे त्याच खोलीतली खिडकी, जिला मी निळा पडदा शिवून घेतला होता. दार म्हणजे तेच दार.

मी ग्रुपवर ते वाक्य लिहिलं. मग खोडलं. म्हटलं, बघू तर खरं.

संध्याकाळी उत्तर – जसंच्या तसं. शब्द न् शब्द. खाली धाकट्याने लिहिलंय – 'माझी नोकरी गेली तेव्हा मी महिनाभर अंथरुणातून उठत नव्हतो. आई रोज फोन करून हे वाक्य म्हणायची. या वाक्याने मला उभं केलं.'

मावशी – 'माझ्या बहिणीसारखी बहीण होणे नाही.' बोका – 'अंगावर काटा.'

त्याची नोकरी गेली होती? मला कुणी सांगितलंच नाही. मी शेजारच्या खोलीत होते आणि मला माहीत नाही. आईला माहीत होतं. आणि आईने काय केलं – मी सकाळी तिला दिलेलं संध्याकाळी त्याला नेऊन दिलं. आपलं म्हणून.

सोमवार, २८ एप्रिल

मीच चुकत असेन. एखादं वाक्य दोघांनाही सुचू शकतं.

रविवार, ४ मे

नाही. चुकत नाहीये.

आज – आरामखुर्चीत एक काळी सावली बसलेली, समोर चहाचा कप, आणि दारात उभ्या बाईने पाठीमागे मुठीत किल्ल्या लपवलेल्या. कपाला दोन कान.

'दुखणं आलंय तर बसू दे. घराच्या किल्ल्या नको देऊस.'

आई सगळं दुखण्याला विचारून ठरवायला लागली होती. दुखतंय म्हणून जेवायचं नाही, दुखतंय म्हणून मावशीला भेटायचं नाही, खिडकी उघडायची नाही. एका सुट्टीच्या दुपारी मी वैतागून हे बोलले. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उशी खाली कर." बस. एवढंच. मला वाटलं, ऐकलंही नसेल.

बोक्याने ते चित्र छापून ऑफिसात टेबलासमोर लावलंय. खाली लिहिलंय – मावशी.

माझी आई म्हणजे त्याची मावशी. आता सगळ्यांचीच ती शहाणी मावशी. मी तिची बेडपॅन धुणारी.

असं लिहू नये. लिहिलं.

बुधवार, ७ मे

दुकानात जाताना मी आईच्या फोटोला 'येते' म्हणते. आज म्हटलं नाही.

रविवार, ११ मे

पडद्याचं वाक्य. यापुढे मी काय बोलू?

प्रचंड मोठा लाल पडदा, नाटकाच्या थिएटरात असतो तसा, आणि त्याच्या फटीतून ऊन. ओळखणं म्हणजे खेळच नाही माझ्यासाठी. मी ती दुपार सांगू शकते. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, उजेड सोसवत नव्हता म्हणून मी पडदे ओढले. ती झोपेतून दचकून उठली – "अंधार झाला, मी मेले का गं?" मी म्हटलं, "पडदा ओढलाय, आई. सूर्य नाही मावळलेला."

पडदे कोण शिवतं या घरात? निदान हे वाक्य तरी सोडायचं.

ग्रुपवर मावशी लिहिते – 'किती खोल विचार करायची ही!'

मास्टरना चित्र दाखवलं, वाक्य सांगितलं. कुणाचं ते नाही सांगितलं. म्हणाले, "वाक्य बरं आहे. पडद्याला अस्तर नाही, उजेड येणारच."

बुधवार, १४ मे

धाकट्याला व्हिडिओ फोन केला. त्याच्याकडे सकाळ होती. दाढी करत होता, गालाला फेस.

म्हटलं, "अरे, ती वाक्यं आईची नाहीत."

"कुठली?"

"खिडकीचं. किल्ल्यांचं. पडद्याचं. मी बोललेय ती आईला."

तो फेस पुसायला लागला. बराच वेळ पुसत होता. मागून वहिनी आली, माझ्याकडे बघितलं, काही बोलणार असं वाटलं. मग बाजूला झाली.

"ताई, मी आईच्या तोंडून ऐकलंय. खोटं बोलतोय का मी?"

"नाही. तू तिच्याच तोंडून ऐकलं असशील. पण तिने कुणाकडून ऐकलं ते सांगितलं नाही तुला? एकदाही?"

तो म्हणाला, "तुझा आवाज तुटतोय."

"एकदाही नाही?"

"ताई, काही ऐकू येत नाहीये. मी करतो नंतर."

त्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. फोन बंद झाला. नंतर केला नाही. नेटवर्कचं काय सांगावं, कधी एका बाजूनेच जातं.

म्हणजे सांगितलंच नाही तिने. सांगितलं असतं तर म्हणाला असता की.

रविवार, १८ मे

आजचं चित्र – डोंगर ढकलणारी बाई. 'उचलवत नाही ना? मग सरकव. सरकवलेलंसुद्धा पोचतं.'

पलंगावर तिला वर घ्यायचे तेव्हाचं. हॉस्पिटलातल्या सिस्टरने मला चादर धरून कसं सरकवायचं ते शिकवलं होतं. माझ्या कमरेत अजून कळ येते, आणि डोंगर ढकलणाऱ्या त्या बाईची कंबर बघावी तर नर्तकीची!

आज मात्र राहवलं नाही. ग्रुपवर लिहिलं – 'हे वाक्य माझं आहे. मागची तीनही माझी आहेत. मी ती आईला म्हणत होते.'

दुपारपर्यंत कुणीच काही नाही. निळ्या खुणा दिसत होत्या – सगळ्यांनी वाचलेलं. मग मावशीचा फोन.

"काय लिहून बसलीस हे?"

"खरं आहे ते."

"असेल. पण गेलेल्या बाईशी भांडतेस? चार वाक्यांसाठी? अगं, तू तिचीच लेक. तिचंच काहीतरी ऐकून बोलली असशील."

"मावशी, तू होतीस का तिथे?"

"आता हेही काढ," मावशी म्हणाली. "कोण किती आलं, कोण किती राहिलं."

मी ते काढतच नव्हते. खरंच नव्हते. पण ती म्हणाल्यावर मात्र ते सगळं निघालं – मनातल्या मनात.

ग्रुप सोडला.

सोमवार, १९ मे

बोक्याचा मेसेज. 'ताई, तू थकली आहेस. कुणाशी तरी बोल.'

मी बोललेच होते. तेच तर ग्रुपवर टाकलंय सगळ्यांनी.

शनिवार, २४ मे

आईची खोली उपसली. पलंग, वॉकर, कमोडची खुर्ची – हॉस्पिटलात देऊन टाकली. नेणारा माणूस म्हणाला, चांगल्या ठेवल्यात वस्तू. निळा पडदा काढला. रॉडला रिंगा तशाच लोंबकळतायत.

फोटो कपाटात. वरच्या खणात, ब्लँकेटच्या मागे.

मी आजवर तिच्यावर कधी चिडले नव्हते असं नाही. रोज चिडायचे. पण ते चिडणं वेगळं होतं – भांडी आपटायची आणि पुन्हा तिच्या पायाला तेल लावायला बसायचं. हे असं नाही. हे थंड आहे. एखाद्याला घरात ठेवून घ्यावं आणि नंतर कळावं की तो रोज आपल्या खिशातून काढत होता. मागितलं असतं तर मी दिलंच असतं ना. 'थोरले, हे छान बोललीस, धाकट्याला सांगू का?' – एवढं म्हणायचं होतं. मी लाजले असते. चहा परत गरम करून दिला असता.

तिला माझं बोलणं आवडत होतं. हे कळायला मला चित्रं बघावी लागली. आणि आवडूनसुद्धा मला तोंडावर काय, तर उशी खाली कर.

मंगळवार, ३ जून

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

एका नवीन इमारतीत मापं घ्यायला गेले. दोन खोल्या, चार खिडक्या. घरात एक बाई, माझ्याहून थोडी मोठी, एका हाताला प्लास्टर आणि पायही ओढत चालणारी. गाडीचा अपघात झाला होता. सून ऑफिसला गेलेली. बाई म्हणाल्या, "तुम्ही घ्या मापं, मी इथे बसते."

स्वयंपाकघराच्या खिडकीशी टेप लावला आणि बाजूला फ्रीजकडे लक्ष गेलं. फ्रीजच्या दारावर ते चित्र. लांब खोली, वॉकर, उजेडाची खिडकी. खाली सुबक अक्षरांत – 'आज फक्त खिडकीपर्यंत. दाराचं उद्या बघू.' आणि त्याखाली – एका आईचे बोल.

टेप हातातून सुटला, सर्रकन गुंडाळला गेला.

बाई म्हणाल्या, "छान आहे ना? माझ्या मुलाने पाठवलं. इंटरनेटवर कुणी टाकतं म्हणे. आधी नुसतं चित्र येतं, लोक वाक्य ओळखतात. आम्ही दोघं खेळतो, तो फोनवर आणि मी इथे. हे मला नव्हतं ओळखता आलं. मी म्हटलं, 'प्रकाशाकडे चला', असलं काहीतरी असेल."

मी टेप उचलला.

"त्या दिवसापासून मी खिडकीपर्यंत जाते रोज. हसू नका. खरंच त्या वाक्याने जाते. कोण असेल हो ही आई?"

मी माप परत घेतलं. आकडा चुकला होता, पुन्हा घेतलं.

"असेल कुणीतरी," म्हटलं. "चांगलं आहे वाक्य."

"तुम्हाला पाठवू का?"

"नको," म्हटलं. "लक्षात राहील."

खाली येऊन बसस्टॉपवर बसले. एक बस सोडली. रडू येईल असं वाटत होतं, आलं नाही. आलं ते भलतंच – त्या बाईला मी आवडले असते, असं मनात आलं. मी, आई नाही. आणि मी तिच्या समोर उभी होते, हातात टेप घेऊन.

बुधवार, ४ जून

म्हणजे धाकट्याने ते बाहेरही टाकलंय. सगळ्या जगाला.

गुरुवार, १२ जून

धाकट्याचा मेसेज. आईला वर्ष होतंय, तो आणि वहिनी येतायत. अठ्ठावीसला सगळे मावशीकडे जमणार. 'एक सरप्राइज आहे. ताई, तू ये. प्लीज. राग सोड.'

राग सोड. उत्तर दिलं नाही.

मास्टर म्हणाले, "जाऊन या. न गेलात तर लोक तुमच्याबद्दल बोलतील, गेलात तर तुमच्याशी."

शनिवार, २८ जून

गेले.

मावशीचं घर माणसांनी भरलेलं. धाकटा दारातच भेटला, मिठी मारली. जाड झालाय. कानशिलाला पांढरे केस. क्षणभर वाटलं, सोडावं सगळं. लहान असताना हाच माझ्या कमरेवर बसून फिरायचा.

मग त्याने सरप्राइज काढलं. एक खोका, चकचकीत. वर आईचा फोटो, तरुणपणचा. आत पत्ते – एका बाजूला चित्र, उलट्या बाजूला वाक्य, खाली '– आई'. प्रत्येक घरासाठी एक खोका. सगळ्यांना गोल बसवून खेळायला लावलं. चित्र दाखवायचं, ओळखायचं, मग उलटायचं. बोक्याची मुलंसुद्धा खेळत होती. हसत होते सगळे. कुणी 'सूर्योदय!' म्हणून ओरडलं की बाकीचे म्हणायचे, सगळ्यांतच आहे.

मी कोपऱ्यात. वहिनी पाण्याचे ग्लास फिरवत होती, माझ्यासमोर येऊन थांबली आणि नुसतीच उभी राहिली. मी ग्लास घेतला.

मावशी म्हणाली, "ताईला द्या रे एक. तिचा नंबर."

मुलाने माझ्या हातात पत्ता दिला. लाल पडदा.

मी तो उलटलाच नाही. म्हटलं, "पडदा ओढलाय, आई. सूर्य नाही मावळलेला." मूळ वाक्यात 'आई' होतं. ग्रुपवर टाकलं तेव्हाच ते काढलं होतं. मग मी सांगितलं – डोळ्यांचं ऑपरेशन, झोपेतून उठणं, 'मी मेले का गं'. शांतपणे सांगितलं. पुढचा पत्ता घेतला. काळी सावली, किल्ल्या. तोही न उलटता. त्या दिवशी आईने जेवायला नकार दिला होता आणि मी ताट आपटलं होतं, तेही सांगितलं. पुढचा. डोंगर. चादर कशी धरायची ते हाताने करून दाखवलं. पुढचा. खिडकी.

बोक्याने मुलांना आत पाठवलं.

मावशी म्हणाली, "पुरे आता. आज तरी."

धाकटा उभा होता. चेहरा पडलेला. म्हणाला, "ताई, तू आईचा हेवा करतेस."

"हो," म्हटलं. "तिला ऐकणारा मुलगा होता."

तो काहीतरी बोलायला गेला. वहिनीने त्याच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. तो बाल्कनीत निघून गेला.

मी चपला घातल्या. कुणी थांबवलं नाही.

आता घरी आहे. खोका त्यांनी माझ्या पिशवीत घातलाच आहे. उघडणार नाही. शेवटपर्यंत हेच झालं – आईने माझ्याकडून घेतलं आणि त्याला दिलं. देताना माझं नावसुद्धा पुसून. त्याला दोष देऊन काय उपयोग, त्याला मिळालं ते त्याने घेतलं. हात तिचे होते.

सोमवार, ३० जून

सकाळी दार वाजलं. वहिनी. एकटीच. टॅक्सी खाली थांबवलेली, दुपारचं विमान. बस म्हटलं तर बसली नाही.

"ताई, आईंचे फोन मी ऐकायचे. स्पीकरवर असायचे. सुरुवात दर वेळी एकच – 'थोरली आज काय म्हणाली, ऐक.' आणि मग ते वाक्य."

मी दार धरून उभी.

"मी त्याला म्हटलं, तेवढंही छाप. तर म्हणाला, ताईचं नाव आलं की लोक विचारतील, तेव्हा तू कुठे होतास?"

मी विचारलं, मग मला का नाही कधी काही म्हणाली ती?

"तुमची चाहूल लागली की 'ठेवते, ती आली' म्हणून घाईने फोन ठेवायच्या. लाजायच्या तुमच्यापुढे."

टॅक्सी गेली.

लाजायची. माझ्यापुढे. जिला मी रोज आंघोळ घालत होते, ती.